जुने वाडे, मंदिरे, घाट : भेगा, कल आणि हालचाल मोजण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जुन्या बांधकामांचं जतन करणारे मालक, विश्वस्त, गवंडी आणि तरुण अभियंते हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं काळ्या पाषाणाच्या, विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया आणि चुन्याचं काम डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. आरसीसी (सळई-काँक्रीटच्या) इमारतींना यातलं बरंचसं लागू पडत नाही.

भिंतीला भेग दिसली. लगेच भरून टाकली तर काय बिघडलं?

पुरावा पुसला जातो. भेग भरली की ती जुनी होती का, अजून वाढते आहे का, हे सांगायला काहीच उरत नाही. सिमेंटने भरली तर आणखी वाईट. सिमेंट चुन्यापेक्षा कडक असतं, त्यामुळे हालचाल चालू असेल तर शेजारी नवी भेग पडते आणि आता दोन झाल्या.

आधी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या महिन्यात भेग रेघेपलीकडे गेली असेल तर ती जिवंत आहे. मग स्टीलची पट्टी शेजारी धरून फोटो काढा आणि वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी रुंदी मोजा. विजेरी मारून आतही बघा. कडा काळवंडलेल्या, आत जाळी-जळमटं किंवा जुन्या रंगाचे ओघळ असतील तर भेग जुनी. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजी.

वरून पाणी शिरत असेल तर ताडपत्री किंवा पत्रा टाकायला थांबू नका. भेगेतून माती झरतेय, दारं दोन दिवसांत अचानक अडकू लागली, तुळईचं टोक भिंतीतून सरकलेलं दिसतंय, यातलं काहीही असेल तर मोजमाप नंतर. आधी माणसं बाहेर, मग धिरे (तात्पुरते टेकू).

गवंड्याने भेगेवर काचेची पट्टी चिकटवली आहे. तेवढं पुरेल ना?

काच फुटली म्हणजे काहीतरी हललं, एवढंच कळतं. किती, कुठल्या दिशेला, कधी, यातलं काही नाही. फुटल्यावर ती निरुपयोगी होते. न फुटणारी काच तर फसवी, कारण बरेचदा ती एका बाजूने डिंकातून सुटलेली असते. थंडी-उन्हाच्या नेहमीच्या हालचालीनेही काच फुटते आणि घरात उगाच घबराट पसरते.

दोन पारदर्शक प्लास्टिक पट्ट्यांचा, एकीवर मिलिमीटरची जाळी आणि दुसरीवर फुली असलेला भेगमापक मिळतो. त्यावर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अंदाज येतो आणि पुजारी किंवा राखणदारही तो वाचू शकतात. यापेक्षा बारीक हवं असेल तर तीन खिळे आणि एक डिजिटल कॅलिपर (दोन जबड्यांत बारीक अंतर मोजणारी पट्टी). बऱ्याच वाड्यांना एवढंच लागतं.

तीन खिळ्यांची पद्धत नेमकी कशी?

भेगेच्या एका बाजूला क आणि ख असे दोन खिळे, दुसऱ्या बाजूला ग. तिघांमध्ये साधारण १०० मिमी अंतर, म्हणजे जवळजवळ समभुज त्रिकोण. खिळे स्टेनलेस स्टीलचे, गोल डोक्याचे. साधा लोखंडी खिळा पहिल्याच पावसात गंजून फुगतो.

जागेवरचा गिलावा दोन-दोन इंच खरवडून खिळा खालच्या दगडात किंवा विटेत पक्का बसवा. गिलावा भिंतीपासून सुटून स्वतंत्र हलत असतो, आणि गिलाव्यात ठोकलेला खिळा गिलाव्याचीच गोष्ट सांगतो. नक्षी, शिलालेख किंवा चित्र असलेल्या जागी काहीही ठोकू किंवा चिकटवू नका. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यासारख्या ठिकाणी भित्तिचित्रं आहेत, तिथे मोजणीची जागा चित्राच्या चौकटीबाहेरच शोधावी लागते.

दर वेळी क–ख, क–ग आणि ख–ग ही तिन्ही अंतरं तीन-तीनदा मोजून सरासरी लिहा. क आणि ख एकाच बाजूला असल्याने क–ख बदलायला नको. तेच बदललं तर भेग हललेली नाही, खिळा सैल झालाय किंवा कॅलिपर शून्यावर नव्हता. ही फुकटची तपासणी आहे, आणि कंटाळा करून नेमकं हेच अंतर मोजायचं सोडलं जातं. उरलेल्या दोन अंतरांवरून भेग किती उघडली आणि एक बाजू दुसरीच्या मानाने किती खाली-वर सरकली, हे काढता येतं. कॅलिपरच्या पडद्यावर ०.०१ मिमी दिसतं, पण हाताने घेतलेल्या मापात ०.१ मिमीपर्यंतचा फरक हालचाल समजू नका.

उंच भेगेवर असे दोन त्रिकोण लावा, एक वर आणि एक खाली. वर जास्त उघडत असेल तर बहुधा भिंतीचं टोक खचतंय किंवा बाहेर झुकतंय. खाली जास्त उघडत असेल तर मधला भाग बसतोय.

एक किरकोळ वाटणारी पण हमखास होणारी गोष्ट : दिवाळीच्या आधी रंगकामवाला खिळ्यांवर चुन्याचे दोन हात फासतो. मंदिरात तर एखादा खिळा शेंदराखालीही जातो. खिळ्यांना छोटी टोपी घाला आणि शेजारी ठळक अक्षरात ‘रंगवू नये’ लिहा.

किती दिवस मोजायचं?

किमान एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा. सुरुवातीला आठवड्याला, दोन महिन्यांनी पंधरवड्याला. तीन महिन्यांच्या आकड्यांवर कोणी पायाचं मोठं काम सुचवत असेल तर थांबा. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर १९५५ मध्ये यांत्रिक मापक बसवले आणि १९८७ पासून स्वयंचलित यंत्रणा आहे. तिथल्या भेगाही ऋतूप्रमाणे उघडतात आणि मिटतात. अनेक दशकांची नोंद असल्यामुळेच ऋतूची हालचाल आणि खरी वाढ वेगळी काढता येते. आपल्याकडे वर्षभर तरी धीर धरायला हरकत नाही.

भेग कधी उघडते यावरून कारण ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी, हो. म्हणून आकड्याइतकाच महिना महत्त्वाचा.

भेग डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सर्वांत रुंद आणि एप्रिल-मेच्या दुपारी सर्वांत बारीक असेल तर ती तापमानाची आहे. तापलेली भिंत प्रसरण पावून भेग मिटवते. हिशोब सोपा आहे. दगड-विटांचं काम एका अंशाला दर मीटरमागे साधारण ०.००६ मिमी वाढतं. १० मीटर लांब भिंत आणि २० अंशांचा फरक म्हणजे १.२ मिमी, आणि ही सगळी हालचाल एकाच भेगेत गोळा होऊ शकते. त्यामुळे वर्षभरात एक मिमी पुढेमागे होऊन पुन्हा मूळ जागी येणारी भेग हा रोग नव्हे, सांधा आहे. ती कडक मालाने भरली की भिंत दुसरीकडे फुटेल.

उलट, भेग मे महिन्यात सर्वांत रुंद आणि जुलै-ऑगस्टमध्ये मिटत असेल तर पायाखाली काळी माती आहे, असं धरून चाला. सांगली, मिरज आणि नदीकाठच्या पट्ट्यात ही माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाने फुगते. इमारतीचे कोपरे दोन्ही बाजूंनी सुकतात म्हणून तेच आधी बसतात. अशा ठिकाणी गळकं गटार, परसातली न्हाणी किंवा भिंतीला खेटून असलेलं झाड पहिलं बघा. पाण्याची सोय नीट केल्यावर भेग शांत झाल्याची उदाहरणं कमी नाहीत, आणि पायाला हात लावण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

पावसाळा संपता संपता, सप्टेंबरात, भेग वाढते आणि शेजारचा भाग फुगतो. मग माळवद (मातीचं सपाट छप्पर) किंवा कौलांतून भिंतीच्या पोटात पाणी जातंय. मातीची भिंत भिजून जड होते आणि तिची ताकद जाते. पाऊस थांबल्यावरही आतला ओलावा काही आठवडे राहतो, म्हणून लक्षण उशिरा दिसतं.

आणि ऋतू कोणताही असो, भेग एकाच दिशेने वाढतच असेल, परत येत नसेल, तर ती खरी काळजीची. कमानीचा रेटा, खचणारा पाया किंवा कुजलेला खांब, यांपैकी काहीतरी आहे. ऋतूचा भाग वजा करून वर्षाला १ मिमीहून जास्त निव्वळ वाढ उरली, किंवा वाढीचा वेगच वाढू लागला, तर जुन्या बांधकामांचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल अभियंत्याला बोलवा.

दोन कारणं एकत्रही असतात. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर भिंतीचं तापमान, वेळ आणि पाऊस लिहा. तापमान न लिहिलेली नोंद बव्हंशी वाया जाते. माप शक्यतो सकाळी एकाच वेळी, भिंतीवर ऊन येण्याआधी घ्या.

भिंत बाहेर फुगली आहे. तीही अशीच मोजायची का?

मोजा, पण मोजण्यावर विसंबू नका. बऱ्याच जुन्या दगडी भिंती दुहेरी पडद्याच्या असतात. बाहेरून आणि आतून घडीव दगड, मध्ये मातीत टाकलेल्या चिपा. दोन पडद्यांना बांधणारे लांब आडवे दगड कमी असले की पोटातली माती पाण्याने खाली बसते, पाचरीसारखी दाबते आणि बाहेरचा पडदा सुटतो. हातोडीने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. अशी भिंत महिनोन्‌महिने जेमतेम हलते आणि मग एका पावसात ढासळते. भेगमापक इथे वेळेवर इशारा देईलच असं नाही. फुगवटा आणि पोकळ आवाज एकत्र आढळले तर आधी धिरे द्या, मग मोजा.

कल मोजायला ओळंब्यासारखं साधन नाही. वर पक्का आकडा, पियानोच्या तारेला ५ किलोचं वजन, आणि वजन जुन्या इंजिन ऑइलच्या बादलीत बुडवलेलं म्हणजे ते झुलत नाही. तारेपासून भिंतीचं अंतर दर अर्ध्या मीटरवर मोजलं की फुगवट्याचा पूर्ण छेद कागदावर येतो. वाऱ्याच्या दिवशी मोजू नका. एकसंध भिंतीचा वरचा कल जाडीच्या सहाव्या भागाजवळ आला, म्हणजे ६०० मिमी भिंतीला १०० मिमी, तर अभियंता हवाच. दुहेरी भिंतीला संपूर्ण जाडी धरू नका, सुटलेल्या पडद्याचीच धरा.

पाया खचतोय का हे कसं कळेल?

जोत्यावर दर ४–५ मीटरवर आणि प्रत्येक कोपऱ्यात स्टीलची गोल बटणं बसवून डिजिटल लेव्हलने (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) उंची घ्यायची. नीट केलेल्या कामात अर्ध्या मिमीपर्यंत अचूकता मिळते. प्रत्येक वेळी सुरुवातीच्या बिंदूवर परत या. फेरी जुळली नाही तर पुन्हा मोजा, आकडे जमवून घेऊ नका.

चूक हमखास होते ती संदर्भबिंदूत. अंगणातल्या काळ्या मातीवर ओतलेला सिमेंटचा ठोकळा दर ऋतूत स्वतःच वर-खाली होतो आणि वाडा हलल्याचा भास होतो. साताऱ्याकडे उघडा कातळ मिळाला तर उत्तम. खोल काळ्या मातीत संदर्भाची सळई साडेतीन मीटरखाली नेऊन वरच्या मातीपासून नळीने वेगळी ठेवावी. असे बिंदू किमान दोन, शक्यतो तीन असावेत, म्हणजे एक हलला तर कळेल.

नदीकाठचे घाट आणि मंदिरं यांचं काय?

घाटाला पूर चढताना जितका धोका असतो, त्याहून जास्त पूर उतरताना असतो. पाणी चढलेलं असताना नदी भिंतीला बाहेरून आधार देते. नदी एका-दोन दिवसांत झपाट्याने उतरते, पण घाटामागच्या भरावातलं पाणी तितक्या वेगाने निघत नाही. ते आतून ढकलतं आणि सोबत बारीक माती घेऊन जातं. म्हणून घाटाच्या पायऱ्या पूर गेल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी बसलेल्या दिसतात.

इथे भेगांपेक्षा भरावातल्या पाण्याची पातळी मोजणं उपयोगी. छिद्रं पाडलेली, जाळीने गुंडाळलेली पीव्हीसी नळी भरावात उभी पुरा आणि टेपने आतलं पाणी मोजा. नळीतली पातळी नदीपेक्षा दोन-अडीच मीटरने वर दिसली तर घाटावर गर्दी आणि वाहनं नकोत. पाणी बाहेर सोडणारी जुनी भोकं गाळाने किंवा नंतरच्या सिमेंटच्या दरजांनी बुजलेली असतील तर ती मोकळी करणं हाच निम्मा उपचार. जुन्या कारागिरांना पाण्याची ताकद पक्की माहीत होती. वाईच्या ढोल्या गणपती मंदिराची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून माशाच्या आकाराची केली आहे.

पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची रेघ आणि तारीख कोरू नका. रंगाची छोटी खूण पुरे.

उसाच्या ट्रॉल्या आणि मिरवणुकांच्या आवाजाने इमारत हादरते. नुकसान होतं का?

काचा वाजणं म्हणजे नुकसान नव्हे. माणसाला जाणवणारं कंपन आणि भिंत फोडणारं कंपन यांत बरंच अंतर असतं. मोजायचा तो कंपनाचा कमाल वेग, मिमी प्रति सेकंदात. जुन्या, संवेदनशील इमारतींसाठी बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी जर्मन मानकाची मर्यादा अशी : पायाशी १० हर्ट्‌झपेक्षा कमी वारंवारितेला ३, १० ते ५० हर्ट्‌झला ३ ते ८, त्यापुढे १०० हर्ट्‌झपर्यंत ८ ते १०. वरच्या मजल्यावर आडव्या दिशेला ८.

जिओफोन (कंपन टिपणारं यंत्र) एक पायाशी आणि एक सर्वांत वरच्या मजल्याच्या भिंतीवर हवा. फरशीवर नुसता ठेवलेला जिओफोन उड्या मारतो आणि खोटे आकडे देतो. तो पक्का चिकटवा. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गतिरोधकावरून गेला की आलेखात टोक दिसतं. अशा वेळी वाड्यासमोरचा गतिरोधक हलवण्याची मागणी आकड्यांसह ग्रामपंचायतीकडे किंवा पालिकेकडे करता येते. ढोल आणि स्पीकरचा दणका हवेतून येतो. तो सैल कौलं, सुटलेला गिलावा आणि काचा हलवतो, पण पाया क्वचितच. सुटलेला गिलावा मात्र खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर पडू शकतो, तेव्हा मिरवणुकीआधी तो बघून घ्या.

कोयनेचे धक्के बसतात. त्यासाठी वेगळं काही?

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापासून या पट्ट्यात लहान धक्के बसतच आले आहेत. धक्का जाणवला की त्याच दिवशी सगळे त्रिकोण मोजा. आलेखात ऋतूची हालचाल हळू वळण घेते, धक्क्याची एकदम पायरी पडते. आधीच्या आठवड्या-पंधरवड्याची नोंद असेल तरच ती पायरी दिसेल. तुळयांची टोकं भिंतीत किती आत आहेत, यावरही रंगाची रेघ मारून ठेवा.

महागडे सेन्सर घ्यावेत की हाताने मोजावं?

ठरल्या वेळी दर वेळेला माणूस जाऊ शकत असेल तर हाताने. उंच शिखर, बंद खोली, किंवा काम चालू असताना तासातासाला आकडे हवे असतील तर सेन्सर. कंपित तारेच्या (ताणलेल्या तारेच्या कंपनावरून मोजणाऱ्या) भेगमापकांचा संदेश लांब वायरीतही बिघडत नाही, म्हणून वर्षानुवर्षांच्या कामाला ते बरे. इलेक्ट्रॉनिक कलमापक लावताना ऊन थेट त्याच्या डबीवर पडणार नाही असं बघा, नाहीतर तो भिंतीचा नव्हे, स्वतःच्या तापण्याचा कल दाखवतो.

बिघडतं ते बहुतेक वेळा साधंच. उंदीर वायर कुरतडतात (लोखंडी नळीतून न्या), जोडणीच्या डबीत पाणी जातं, बॅटरी संपल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. सांगलीकडे वळवाच्या विजा लॉगर (आकडे साठवणारी पेटी) जाळतात, तेव्हा अर्थिंग आणि सर्ज संरक्षक आधी, सेन्सर नंतर. शिखरावरच्या प्रिझमवर (मोजणीच्या दुर्बिणीचा किरण परतवणारी काच) कबुतरं बसतात. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारी ती दुर्बीण) कोनाच्या एका सेकंदाच्या अचूकतेचं असलं तरी ३० मीटरवर कागदावरचे ०.१५ मिमी प्रत्यक्षात उन्हाच्या झळांमध्ये सहज एक मिमी होतात. तेही काम पहाटेच करा. आणि सेन्सर कितीही असले तरी दोन-तीन हाताचे त्रिकोण शेजारी ठेवाच, पडताळ्यासाठी.

कोणत्या आकड्याला घाबरायचं?

हे मोजणी सुरू करण्याआधी ठरवायचं. सांगलीकरांना ही पद्धत शिकवायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पातळ्यांचे आकडे आधीच ठरलेले असतात. इमारतीलाही तसंच हवं. इशारा पातळी ओलांडली तर पुन्हा मोजायचं आणि अभियंत्याला त्याच दिवशी कळवायचं. धोक्याची ओलांडली तर काम बंद, तो भाग रिकामा, ठरलेले धिरे. कोण कोणाला फोन करणार, हे नावासह लिहून नोंदवहीच्या पहिल्या पानावर लावा. आकडे नीट आले, आलेखही काढला, पण पाहणारा कोणी नव्हता, असं बऱ्याच ठिकाणी घडतं.

इशाऱ्याचा आकडा ऋतूच्या नेहमीच्या चढउतारापेक्षा मोठा हवा, नाहीतर दर जानेवारीत घंटा वाजेल आणि दोन वर्षांत कोणी लक्ष देणार नाही.

दुरुस्ती चालू असताना काय मोजायचं?

खरा धोका तेव्हाच असतो. चुन्याचा पातळ माल भिंतीत भरताना तो फुगलेला पडदा आणखी बाहेर ढकलू शकतो. पंपाचा जोर टाळून थोड्या उंचीवरून स्वतःच्या वजनाने सोडा, एका दिवसात अर्धा ते एक मीटर उंचीच भरा, आणि भरताना दर पंधरा मिनिटांनी ओळंबा बघा. कुजलेल्या खांबाचा पाय बदलताना जॅकने एका वेळी १–२ मिमीच उचला, वरच्या भिंतीत नवी भेग येते का बघा आणि रात्रभर थांबा. लाकूड चरचरलं तर तिथेच थांबायचं.

धिऱ्यांखालच्या पाचरी ओल्या लाकडाच्या असतील तर सुकून सैल होतात. रोज सकाळी हातोडीचा एक हलका ठोका मारून आवाज ऐका.

परवानगी लागते का?

केंद्र संरक्षित स्मारकात खिळा ठोकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, आणि राज्य संरक्षित स्मारकात राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची परवानगी घ्या. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे, त्यामुळे खोल संदर्भबिंदूसाठी खोदतानाही विचारा. खाजगी वाड्याला मालकाची संमती पुरते, पण भाऊबंदकीत वाटण्या झालेल्या वाड्यात भेग एकाच्या खोलीत आणि तिचं कारण दुसऱ्याच्या न्हाणीत असतं. सगळ्यांकडून आधीच लेखी घ्या.

मोजमाप कधी थांबवायचं?

दुरुस्ती झाल्यावर आणखी एक पूर्ण वर्ष मोजा. पूर्वीची वाढ थांबून फक्त ऋतूचा चढउतार उरला असेल तर महिन्याला एक, मग वर्षाला दोन नोंदी, मे आणि जानेवारीत. खिळे काढू नका. ग्रीस लावून टोपी घाला. प्रत्येक त्रिकोणाची जागा दाखवणारा नकाशा नोंदवहीत चिकटवा, आणि त्या वहीची एक प्रत वाड्याबाहेर, कोरड्या जागी ठेवा.